माळरानावरील प्रकाश आणि पक्षिनामांचा पुरावा

बोलीतील पक्षिनामांचा संग्रह करताना नाव मिळविणे हे काम तुलनेने सोपे असते. ते नाव नेमक्या कोणत्या पक्ष्याचे, हे निश्चित करणे मात्र कठीण जाते. गुराखी, शेतकरी, पारधी यांना विचारले की नावे भराभर मिळतात, वहीची पाने भरतात आणि घरी परतल्यावर असे ध्यानात येते की, एकाच नावापुढे तीन निरनिराळी वर्णने लिहिली गेली आहेत. आपल्या जुन्या शब्दसंग्रहांत ‘एक पक्षी’ एवढाच अर्थ देऊन सोडून दिलेले जे अनेक शब्द आढळतात, त्यांचे मूळ या अडचणीत आहे. छायाचित्र हाती असले म्हणजे ही अडचण दूर होते, असा एक समज अलीकडे विद्यार्थ्यांत रूढ झाला आहे. तो अंशतः खरा आहे. तथापि छायाचित्र हे पक्ष्यावर पडलेल्या प्रकाशाचे चित्र असते, आणि तो प्रकाश ऋतूनुसार, प्रहरानुसार, किंबहुना ढगाच्या एका तुकड्यासरशी बदलतो. म्हणून ज्याला छायाचित्र पुरावा म्हणून वापरावयाचे आहे, त्याने ते कसे घडते हेही समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात वाशिम जिल्ह्यातील माळरान डोळ्यांपुढे ठेवून या विषयाचा विचार करावयाचा आहे.

वाशिम हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी जुन्या अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. भूप्रदेश पठारी, जमीन बहुतांशी काळी किंवा मुरमाड, अधूनमधून सागाचे विरळ रान आणि गवताचे माळ. काटेपूर्णा येथून उत्तरेकडे पूर्णेला मिळावयास जाते, तर अडाण व पैनगंगा यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचते. कारंजा-सोहोळचे अभयारण्य मुख्यतः काळविटांसाठी राखलेले असले, तरी तेथील गवत पक्ष्यांच्याही उपयोगी पडते. अकोला व वाशिम या दोन जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य आणि वाशिम शहराला पाणी पुरविणारा एकबुर्जीचा जलाशय ही पाणपक्ष्यांची ठिकाणे. भाषेच्या दृष्टीने येथे वऱ्हाडी बोली प्रमुख आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) तिचा परामर्श घेतलेला आहे. तिच्या शेजारी मानोरा, मंगरूळपीर या भागांतील तांड्यांची गोरमाटी आणि फासेपारध्यांची, गुजरातीशी नाते सांगणारी बोली नांदते. एकाच माळावरच्या एकाच पक्ष्याला तीन भाषांतून हाक मारली जाते, असा हा प्रदेश आहे. (वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने माहाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले आणि ते आज केवळ इतर ग्रंथकारांनी दिलेल्या अवतरणांतून उरले आहे, हे आपल्या विभागाच्या वाचकांस ठाऊक असेलच. शब्द टिकतात आणि त्यांचा संदर्भ हरपतो, याचे उदाहरण या गावाला बाहेरून आणावे लागत नाही.)

प्रथम सूर्याचा विचार करू. छायाचित्रणाची जी पुस्तके आपल्याकडे वाचली जातात ती बहुतेक युरोपात किंवा अमेरिकेत लिहिलेली असतात, आणि त्यांत सूर्योदयानंतरच्या व सूर्यास्तापूर्वीच्या ‘सोनेरी तासा’ची थोरवी गायिलेली असते. हा तास आपल्याकडे पुरा तासाचा भरत नाही. वाशिम सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून पुष्कळसा सरळ वर चढतो. विषुवदिनाच्या सुमारास त्याला दहा अंश उंची गाठण्यास चाळीस-बेचाळीस मिनिटे पुरतात. ५५ अंशांवरील एखाद्या युरोपीय गावी तेवढ्याच उंचीसाठी सत्तर मिनिटे लागतात. म्हणजे पुस्तकातला तास वाशिमच्या माळावर पाऊण तासाचा होतो. पुस्तकावर विसंबून जो निवांतपणे चहा घेऊन निघतो, त्याला माळावर पोहोचेपर्यंत रखरखीत ऊनच भेटते.

दुसरी गोष्ट माध्यान्हीची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, आणि वाशिम ७७ अंशांच्या किंचित पूर्वेस. त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बारानंतर. नोव्हेंबरच्या आरंभी बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास बारा पस्तीसला. २० मे आणि २३ जुलै या तारखांच्या आसपास माध्यान्हीची सावली नाहीशी होते, आणि या दोन तारखांच्या दरम्यान सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. मे महिन्यात तो सकाळी नऊच्या सुमारास ४५ अंशांची उंची ओलांडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिच्याखाली उतरत नाही. अशा उन्हात पक्ष्याची पाठ झगझगते आणि पोट व डोळा काळोखात जातात. उलट डिसेंबरात माध्यान्हीसही सूर्य ४६-४८ अंशांच्या वर जात नाही. जवळजवळ सबंध दिवस प्रकाश तिरपा असतो. वाशिमच्या माळावरील पक्ष्यांची ओळख पटविण्याजोगी छायाचित्रे घ्यावयाची असतील, तर हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही. मात्र येथील सर्वांत महत्त्वाचा पक्षी नेमका पावसाळ्यात दिसतो. त्याविषयी पुढे येईल.

प्रकाशाच्या या भेदांना मराठीने स्वतःची नावे दिली आहेत, आणि ती छायाचित्रकाराला पाठ्यपुस्तकातील परिभाषेपेक्षा अधिक उपयोगी पडतात असे माझे मत आहे. झुंजूमुंजू आणि फटफटणे यांत फरक आहे. पहिल्यात आकृती दिसते, दुसऱ्यात रंग दिसू लागतात. कोवळे ऊन, रणरणते ऊन आणि उतरते ऊन हे तीन शब्द प्रकाशाची दिशा, तीव्रता व रंग या तिन्ही गोष्टी एकदमच सांगतात. तिरीप म्हणजे फटीतून येणारा तिरकस झोत; कवडसा म्हणजे त्या झोताचा जमिनीवर किंवा भिंतीवर पडलेला ठिपका. सागाच्या रानात पक्षी तिरिपेत आला तर चित्र मिळते. कवडशांनी चितारलेल्या पानोळ्यावर बसला तर पक्षी कोठे संपतो आणि पान कोठे सुरू होते, हे चित्रात कळत नाही. मळभ या शब्दाला तर तोड नाही. आकाश एकसारखे झाकलेले, सावल्या पुसलेल्या, हवा कोंदलेली, असा तो प्रकाश. झड म्हणजे दिवसच्या दिवस चालणारी पावसाची संततधार, आणि उघाड म्हणजे त्या झडीतली विश्रांती. क्षेत्रकार्याच्या वहीत ‘ढगाळ’ असे मोघम लिहिण्याऐवजी मळभ, झड, उघाड यांतला नेमका शब्द लिहिला, तर सहा महिन्यांनी चित्र पाहताना रंग असे का आले याचा उलगडा होतो. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे विसरू नये. आभाळ येथे ‘आभाय’ होते, कावळा ‘कावया’ होतो, आणि ‘काया’ हा शब्द शरीरवाचक आहे की रंगवाचक, हे संदर्भानेच ठरवावे लागते. पक्षिनामांच्या ध्वनिमुद्रणात हा शेवटचा शब्द वारंवार येणार, हे उघड आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. चित्र किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरते: लेन्समधील अ‍ॅपर्चर किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे राहते, आणि प्रकाशग्राही पट्टिकेची संवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, ती किती ठेवली आहे. प्रकाशाचे दुप्पट किंवा निम्मे होणे ही एक पायरी. छायाचित्रकार तिला स्टॉप म्हणतात. फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक ठोकताळा असा की, स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर एफ-१६ ठेवावे आणि शटरचा वेळ आयएसओच्या आकड्याइतक्या भागाचा ठेवावा. त्यानुसार आयएसओ ४०० असता एफ-१६ ला १/४०० सेकंद; अ‍ॅपर्चर दोन पायऱ्या उघडून एफ-८ केले तर १/१६०० सेकंद. उडणाऱ्या पक्ष्यासाठी हा वेग बहुधा पुरतो. दाट मळभ आले की तीन पायऱ्या प्रकाश कमी होतो, मग एफ-५.६ ला तेवढाच वेग मिळविण्यासाठी आयएसओ १६०० करावा लागतो, आणि आकाश अधिक काळवंडले तर ३२०० किंवा ६४००. आयएसओ वाढला की चित्रात कण दिसू लागतात आणि पिसांवरील बारीक रेघा पुसट होतात. लावा, तितर, चंडोल यांच्या जातींतील भेद बहुतांशी त्या रेघांवरच ठरत असल्यामुळे ही हानी साधी नव्हे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक एक गृहीत धरून चालतो: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. हे गृहीत काळ्या जमिनीवर कोसळते. नांगरलेले काळे वावर प्रकाश फार थोडा परत पाठविते, आणि ओले झाले म्हणजे त्याहूनही थोडा. त्या वावरात नांगरामागे चालणारा गायबगळा टिपावयाचा तर मापक काळ्या मातीला करडी करू पाहतो, आणि बगळा पांढऱ्या कागदाच्या कपट्यासारखा, एकही पीस न दिसता, चित्रात उतरतो. येथे मापकाने सुचविलेल्यापेक्षा एक-दोन पायऱ्या कमी प्रकाश द्यावा लागतो. तारेवर बसलेल्या कोतवालाचे याच्या उलट. मागे उजळ आकाश असल्यामुळे मापक प्रकाश कमी करतो आणि पक्षी नुसता काळा आकार होऊन बसतो. दुभंगलेली शेपटी दिसते म्हणून कोतवाल ओळखता येतो इतकेच. तेथे दीड-दोन पायऱ्या अधिक प्रकाश द्यावा. जमिनीच्या रंगाचा आणखी एक परिणाम सहसा कोणी ध्यानात घेत नाही. हिवाळ्यात गवत वाळून फिके पिवळे पडते, आणि त्यावरून परतलेला प्रकाश वर घिरट्या घालणाऱ्या कापशीच्या पोटाला खालून उजळतो. तीच कापशी काळ्या वावरावर असली तर तिचे पोट राखी, मळकट दिसते. दोन चित्रे शेजारी ठेवून माहिती देणाऱ्याला विचारले, तर त्याने दोन नावे सांगावीत यात त्याचा दोष नाही.

पावसाळा आणि तणमोर यांचा प्रश्न या सर्वांहून अवघड आहे. तणमोर हा माळढोकाच्या कुळातील लहान पक्षी, गवतात राहणारा, आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला. अकोला-वाशिम भागातील गवताची राने आणि त्यांना लागून असलेली शेते ही महाराष्ट्रात उरलेल्या त्याच्या मोजक्या ठिकाणांपैकी. विणीच्या काळात नराचे डोके, मान आणि पोट काळेभोर होते, पंखांवर पांढरा पट्टा उठून दिसतो, आणि डोक्यामागून बारीक दांड्यांचे, टोकाशी रुंदावलेले तुरे वर वळतात. पाऊस पडून गवत वाढले की नर त्या गवतातून दीड-दोन मीटर उंच उडी घेतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. ही उडी क्षणात संपते. सकाळ-संध्याकाळी त्याच्या उड्या विशेष चालतात, आणि ढगाळ दिवशी दुपारीही. विणीचा काळ सरला की नराचा काळा वेष जातो आणि तो मादीसारखा मातकट दिसू लागतो.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने यात सर्व प्रतिकूल गोष्टी एकत्र येतात. पक्षी काळा, प्रकाश मळभाचा, हालचाल अतिशय जलद आणि जागा अनिश्चित. १/२००० सेकंदाने उडी गोठवावी तर आयएसओ इतका चढतो की काळ्या मानेवरील तपशील कणांत बुडतो; वेग कमी करावा तर तुरे पुसतात. माझ्या मते भाषिक कामासाठी दोन निरनिराळ्या चित्रांची आवश्यकता आहे. एक जलद शटरचे, ज्यात तुरे आणि पंखांवरील पांढरे दिसेल. दुसरे १/२०० सेकंदाच्या आसपासचे, ज्यात पंख फरफटलेले दिसले तरी उडीचा भाव कळेल. कारण ज्याने हा पक्षी आयुष्यभर गवताच्या वर क्षणभर पाहिला आहे, त्याच्या स्मरणात ती हालचालच असते. स्वच्छ, गोठविलेले, संग्रहालयातील नमुन्यासारखे चित्र त्याला अनोळखी वाटू शकते. आजकाल भ्रमणध्वनीवरही चलच्चित्र घेता येते. ते आवाजासह असल्यास उत्तम. उघाडीची पहिली काही मिनिटे या कामाला सर्वांत चांगली. ढग विरळ होऊन प्रकाश एक-दोन पायऱ्या वाढतो, हवेतील धूळ पावसाने धुतली गेलेली असते, आणि सूर्य अजून पुरता बाहेर न आल्यामुळे काळ्या पिसांवर चकाकी येत नाही. या मिनिटांसाठी तासन्‌तास छत्रीखाली बसावे लागते, आणि लेन्सच्या आतल्या बाजूस ओल धरू नये म्हणून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात, हे सांगून पुढे जातो.

वाळलेल्या गवताच्या दिवसांत अडचण वेगळ्या प्रकारची. हिवाळी पहाटे एकबुर्जीसारख्या जलाशयावर धुके असते. दूरच्या लेन्सने धुक्यातून घेतलेले स्थलांतरी बदकांचे चित्र कितीही मोहक असले, तरी त्यावरून जात ठरविणे धाडसाचे होय. धुके विरले आणि ऊन चढू लागले की जमीन तापते, तिच्यालगतच्या हवेचे कमीअधिक घनतेचे थर होतात, आणि त्यांतून येणारे किरण वाकत राहतात. यालाच आपण झळा म्हणतो. मृगजळाचे कारणही तेच. तीनशे मीटरवरील भोवत्या किंवा पखुर्डी कितीही महागड्या लेन्सने टिपली तरी झळांतून ती वितळल्यासारखीच येणार. यावर उपकरणांत उपाय नाही. अंतर कमी करणे किंवा लवकर येणे, एवढेच हाती असते. उन्हाळ्यात सकाळी नवानंतर जमिनीवरील दूरच्या पक्ष्यासाठी कॅमेरा उघडूच नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

आता रंगाकडे येऊ; नामकरणाच्या अभ्यासात खरा गोंधळ येथेच होतो. पिसांचा रंग दोन प्रकारांनी उत्पन्न होतो. काही रंग रंजकद्रव्यांचे असतात. काही पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विशिष्ट रीतीने विखुरल्याने दिसतात. नीलपंखाचे निळे या दुसऱ्या प्रकारातले आहे. तारेवर पंख मिटून बसलेला नीलपंख मळभात तपकिरी आणि सामान्य दिसतो; उडाला की पंखांतली निळाई एकाएकी उघडते. जांभळ्या शिंजिराच्या विणीच्या वेषातील नराचे उदाहरण याहून ठळक आहे. त्याच्या पिसांची झळाळी पाहण्याच्या कोनावर अवलंबून असल्यामुळे उलट्या प्रकाशात तो निव्वळ काळा दिसतो, आणि सूर्य पाठीशी घेऊन पाहिला तर निळ्या-जांभळ्या तेजाने चमकतो. अशा पक्ष्याच्या नावात ‘काळा’ असावे की ‘निळा’, याचे उत्तर बोलणारा त्याला बहुधा कोठून पाहतो यात असते.

त्यातच कॅमेरा स्वतःचा रंग मिसळतो. दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विन रंगतापमानाचे धरतात. मळभाचा प्रकाश त्याहून निळसर, मावळतीचा पुष्कळ तांबूस. आपला डोळा हा फरक मनातल्या मनात दुरुस्त करतो. कॅमेराही करतो, पण त्याची दुरुस्ती हा एक अंदाज असतो, आणि तो दर चित्रागणिक बदलू शकतो. म्हणून चित्रे असंस्कारित स्वरूपात, म्हणजे रॉ फाइल म्हणून, साठवावीत. आणि शक्य असेल तेव्हा त्याच प्रकाशात एका करड्या कार्डाचे चित्र घेऊन ठेवावे. बर्लिन व के यांचे रंगनामांवरील प्रसिद्ध संशोधन (१९६९) मन्सेलच्या प्रमाणित रंगपट्ट्यांवर आधारलेले होते हे आपण वर्गात शिकवितो, आणि नंतर क्षेत्रात जाऊन भर उन्हात भ्रमणध्वनीच्या चकाकत्या पडद्यावर चित्र दाखवून ‘हा रंग कोणता?’ असे विचारतो. या दोहोंतील विसंगती सांगावयास नको. चित्र कागदावर छापून, सावलीत बसून दाखवावे. नर, मादी, बसलेला, उडता अशी चार-पाच चित्रे एकत्र द्यावीत आणि शेवटी आवाज ऐकवावा. न्यू गिनीतील कलम लोकांच्या पक्षिज्ञानाविषयी राल्फ बल्मर आणि स्वतः कलम असलेले सायम मजनेप यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ (१९७७) वाचला म्हणजे हे पटते की, रानातला माणूस पक्षी ओळखतो तो रंगाइतकाच आवाजावरून, बसण्याच्या जागेवरून आणि सवयींवरून. टिटवी, पावशा ही आपली नावेच ध्वनीतून आलेली आहेत. त्यांना चित्राची गरज पडू नये. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात रानातल्या माणसांकडून जी नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोशा’त मांडली, त्यांमागे अशा दीर्घ सहवासाचे बळ होते. दोन दिवसांच्या सहलीत आणि हजार चित्रांत ते येत नाही.

भूदृश्याच्या चित्रांकडे आपले अभ्यासक शोभेची वस्तू म्हणून पाहतात. ते योग्य नव्हे. पक्ष्याच्या नावाचा अर्थ पुष्कळदा तो जेथे राहतो त्या जागेच्या नावात असतो. ‘तणमोर’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. या भागात जमिनीचे शब्द बारकाव्याचे आहेत. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध, पांदण म्हणजे दोन्ही बाजूंस झुडपे असलेली वाट, बरड म्हणजे मुरमाड पडीक. गावाच्या चराऊ जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणतात. इंग्रजी अमदानीतील महसुली वर्गीकरणाचे अक्षर वऱ्हाडीत असे मुरले आहे की, गुराखीही ‘ई-क्लासात ढोरं नेली’ असे सहज म्हणतो. या प्रत्येक जागेचे चित्र ठरावीक ठिकाणी उभे राहून, त्याच दिशेने, त्याच लेन्सने, दरवर्षी त्याच सुमारास घ्यावे. ई-क्लासातील गवताची जागा सोयाबीनने किंवा बांधकामाने घेतली, धुऱ्यावरची बाभळ गेली, हे शब्दांनी सांगण्यापेक्षा अशा चित्रमालेतून निर्विवाद दिसते. आणि एखादा शब्द तरुण पिढीच्या तोंडी का उरला नाही, याचेही उत्तर त्यात मिळू शकते. तांत्रिक अडचण येथे आकाश व जमीन यांच्या उजेडातील अंतराची. उघाडीनंतर ढगांच्या कडा झळकत असतात आणि खाली ओली काळी माती असते. हे अंतर कित्येकदा पट्टिकेच्या आवाक्याबाहेर जाते. तिपायी लावून कमी, मध्यम व अधिक प्रकाशाची तीन चित्रे घेणे हा सरळ उपाय. आकाश गडद करणारा पोलरायझर सूर्याशी काटकोनातील निळ्या आकाशावर चांगला परिणाम करतो. मळभात त्याचा फारसा उपयोग नसतो, उलट दीड-दोन पायऱ्या प्रकाश मात्र तो खातो.

पक्ष्याजवळ जाण्याविषयी जुन्या पक्षिनिरीक्षकांनी सांगून ठेवलेली गोष्ट आजही खरी आहे: पायी येणाऱ्या माणसाला पक्षी भितो, बैलगाडीला सहसा भीत नाही. आज बैलगाडी दुर्मीळ होत चालली असली तरी उभ्या मोटारीचा आडोसा तेच काम करतो. परंतु तणमोराच्या बाबतीत जवळ जाण्याचा विचारच सोडावा. नर उड्या मारतो तेथे आसपास गवतात मादी अंड्यांवर असू शकते, आणि ती दिसत नाही. चित्रासाठी गवत तुडविणारी पावले, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बोलाविण्याची खोड, आणि चित्राबरोबर ठिकाणाचे नाव जाहीर करण्याची हौस या तिन्हींनी विणीचा हंगाम वाया जाऊ शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते. अभयारण्याबाहेरच्या शेतांत अशी परवानगी लागत नाही, आणि तणमोर तर पुष्कळदा तेथेच असतो. तेथे अभ्यासकाची स्वतःची शिस्त हाच निर्बंध.

फासेपारध्यांकडे जाताना याहून अधिक विवेक हवा. या समाजाचे पक्षिज्ञान असाधारण आहे. तितराला, लाव्याला त्याच्याच आवाजाने फासावर बोलाविण्याची विद्या त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या विद्येचा उपयोग आता शिकार या सदरात मोडतो. त्याआधी या समाजावर गुन्हेगार जमात असा शिक्का मारलेला होता आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्याची आठवण गेलेली नाही. हातात तणमोराचे चित्र घेऊन ‘हा कोठे दिसतो?’ असे विचारणारा परका माणूस त्यांना चौकशीला आलेला वाटला, तर ते स्वाभाविकच आहे. आणि मग मिळणारे उत्तर, ‘आम्ही पाहिला नाही’, हे शब्दसंग्रहात ‘नाव उपलब्ध नाही’ असे नोंदले जाते. गेल्या काही वर्षांत अकोला-वाशिम भागात फासेपारधी कुटुंबांच्या सहभागाने गवताची राने राखण्याचे आणि तणमोराच्या रक्षणाचे काम झाले आहे. जेथे ते झाले तेथे हा संकोच कमी होऊ शकतो. विद्यार्थ्यांनी प्रथम अशा ठिकाणी जावे, चित्रे पहिल्या भेटीत काढूच नयेत, आणि ‘कोठे’ हा प्रश्न प्रश्नावलीतून वगळावा. नाव विचारावे, आवाज विचारावा, कोणत्या महिन्यात दिसतो ते विचारावे.

शेवटी नोंदीविषयी. प्रत्येक चित्रासोबत तारीख, घड्याळाची वेळ, सूर्य छायाचित्रकाराच्या कोणत्या बाजूस होता, प्रकाश कोणत्या प्रकारचा (येथे वर दिलेले मराठी शब्द वापरावेत), जमीन कोणती, आणि चित्र पाहून कोणी कोणते नाव कोणत्या बोलीत सांगितले, हे लिहून ठेवावे. आयएसओ, अ‍ॅपर्चर व शटर यांचे आकडे कॅमेरा स्वतःच फाइलमध्ये साठवितो. त्यांसाठी वही झिजविण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यात किंवा भ्रमणध्वनीत स्थाननोंद आपोआप होत असेल, तर तणमोर, माळढोक यांसारख्या पक्ष्यांच्या चित्रांतून ती प्रत दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी काढून टाकावी आणि मूळ प्रत विभागाच्या संग्रहात बंद ठेवावी.